न्यायालयाच्या व्हरांड्यात सापडलेल्या कवटीबाबत

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, धंदा वार्ताहर, राहणार न्यायालयामागच्या गल्लीत छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, न्यायालयातल्या बातम्या देऊन मी पोट भरतो. आजवर दुसऱ्यांचे जबाब छापले, स्वतःचा देण्याची ही पहिलीच वेळ. माझी वाक्ये सामासिक शब्दांसारखी लांबतात, अशी समज लिहून घेणाऱ्या हवालदारांनी सुरुवातीलाच दिली आहे. ती मला मान्य आहे.

माझी धाकटी बहीण बस डेपोत चालक-वाहकांच्या पाळ्या लावत असे. कोण कोणत्या गाडीवर, कोणाची रजा कोणाच्या गळ्यात, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे सगळे तिच्या डोक्यात असे. दोन वर्षांपूर्वी डेपोच्या फाटकावरची एका जाहिरात कंपनीची लोखंडी पाटी सुटून तिच्या डोक्यावर पडली. जखम भरली, केस परत आले. ती बोलते, हसते, माझ्या लेखांना नावे ठेवते. मात्र चहा करायला गेली तर गाळणी हातात घेऊन उभी राहते. आधी काय आणि मग काय, हे तिला लागत नाही. डेपोतले काम गेले.

कंपनीवर भरपाईचा दावा चालू आहे. कंपनीच्या वकिलांचे म्हणणे एकच, की बाई धडधाकट दिसतात. मागच्या तारखेला त्यांनी बहिणीला बरेच प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची उत्तरे नीट दिली. वकीलसाहेब आमच्याकडे बघून हसले. त्या दिवसाची बातमी मी दिली नाही.

बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, दातांच्या कवळ्या तयार करते. आईच्या मेंदूची फिल्म कोर्टात लावली तर ती डॉक्टरांनाच कळेल, हे तिने ओळखले. मी फिल्म पाहिली तेव्हा मला त्यात ढगाळ हवामान दिसले होते. म्हणून भाचीने दातांच्या प्लास्टरमध्ये कवटी घडवली. वरचे झाकण निघते, आत मेंदूचे तीन तुकडे आहेत, इजा झालेली जागा काळसर रंगवली आहे. बाकी मेंदूचा रंग हिरड्यांचा आहे, कारण तिच्याकडे तोच होता. मेंदूच्या डॉक्टरांनी फिल्म शेजारी ठेवून प्रत्येक भाग पडताळला आणि तळाशी सही केली. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली की हे मुलीने आईसाठी केलेले खेळणे आहे. न्यायाधीशबाईंनी ठरवून दिले की ही वस्तू म्हणजे स्वतः पुरावा नव्हे, पण डॉक्टरांची साक्ष समजावून घेण्याचे साधन म्हणून, साक्ष चालू असतानाच, ती दाखवता येईल. ती साक्ष आज दुपारच्या सुट्टीनंतर होती. डॉक्टरांची बदली झाली असून ते संध्याकाळीच गाव सोडणार होते.

भाचीच्या धंद्यात असा रिवाज आहे की पेशंटला बसवून पाहिल्याशिवाय काम हातावेगळे करायचे नाही. कवळी असो की कवटी, तिला फरक पडत नाही. परंतु बहीण त्या वस्तूकडे बघायला तयार नव्हती. "माझं डोकं आहे माझ्यापाशी, दुसरं कशाला?" असे ती म्हणे. आज सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो असता ती आपण होऊन म्हणाली, "काढ गं ते. बघते."

भाचीने पिशवीतून कवटी काढली, आईच्या डोक्याला खेटून धरली आणि जखमेचा केसांखालचा खळगा दोन्हीकडे जुळतो का, ते बोटाने चाचपू लागली. तेवढ्यात तिथला रक्षक आला. त्याला एका धडावर दोन डोकी दिसली असावीत. त्याने शिट्टी फुंकली. गर्दी उठली. काठी टेकत आलेले एक वृद्ध पक्षकार काठी न घेताच निघून गेले. आम्हा तिघांना कवटीसह या ठाण्यात आणण्यात आले.

साहेबांनी विचारले, "कवटी कोणाची?"

बहीण म्हणाली, "माझी."

साहेबांनी आधी तिच्या डोक्याकडे पाहिले, मग टेबलाकडे. ते म्हणाले की हाड खरे की खोटे याचा अहवाल येईपर्यंत वस्तू सीलबंद राहील. तसे झाले असते तर दुपारी डॉक्टरांच्या हातात दाखवायला काही उरले नसते. भाची म्हणाली, "साहेब, प्लास्टर आहे. नखाने खरवडून बघा." मी म्हणालो की प्रत्यक्षाला प्रमाण कशाला.

"तुम्ही कोण?" साहेब म्हणाले.

"हिचा मामा."

"मग मामांनी जरा गप्प बसावं."

"बस रे दादा," बहीण म्हणाली. "माझं डोकं आहे, मी सांगते."

तिने झाकण उचलले, तिन्ही तुकडे टेबलावर काढले आणि पुढचा साहेबांसमोर धरला. "हे कपाळामागचं. आधी काय करायचं, मग काय, ते इथून ठरतं. हा काळा भाग गेला. तो परत येत नाही." डॉक्टर बोलत असताना ती खिडकीबाहेर बघत असते, ऐकत नाही, असा आमचा दोन वर्षे समज होता. तिने एकही शब्द सोडला नव्हता.

साहेब म्हणाले, "बरं, ठेवा परत."

बहिणीने आधी झाकण ठेवले. तुकडे टेबलावरच राहिले. झाकण काढून तिने मागचा तुकडा पुढे बसवला, तो बसेना. पुन्हा झाकण घेतले. भाचीने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरले होते. टेबलावरचा फोन वाजत होता, तो कोणी उचलला नाही. बहिणीने पुढचा तुकडा साहेबांच्या हातात दिला आणि साध्या आवाजात म्हणाली, "आधी कुठला, ते मला लागत नाही. पूर्वी मी अख्ख्या डेपोच्या पाळ्या लावायचे. आता तुम्ही लावा."

साहेबांनी लावले. त्यांनाही पहिल्या खेपेस जमले नाही. नंतर त्यांनी कवटी सील न करता आम्हाला ठाण्याच्या गाडीतून कोर्टात पोचवले, आणि कोर्ट सुटल्यावर जबाबासाठी यायला सांगितले. त्याप्रमाणे आलो आहे.

साक्षीत कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांना विचारले, "बाई प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर देतात, हे खरं ना?"

डॉक्टर म्हणाले, "खरं आहे. प्रश्न तुम्ही विचारता, तेव्हा क्रम तुमचा असतो. त्यांना स्वतःचा क्रम लावायचा असतो तेव्हा ही जागा लागते," आणि त्यांनी काळसर भागावर बोट ठेवले.

न्यायाधीशबाईंनी बहिणीला विचारले की हे बघताना त्रास होत असेल तर बाहेर बसायचे का.

बहीण म्हणाली, "नको मॅडम. दोन वर्षं सगळे म्हणतात, दिसत तर काही नाही. आज दिसतंय, तर नीट बघून घ्या."

न्यायाधीशबाई खुर्चीवरून उतरल्या, चष्मा लावून टेबलापाशी आल्या आणि बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. निकाल व्हायचा आहे. ही बातमी मी देणार आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. रक्षकाने आपले काम केले. ठाण्याच्या नोंदीत मात्र 'बेवारस कवटी' असे लिहिले आहे, त्याला माझी हरकत आहे. मालकीण हजर होती.

वरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. दुसऱ्या परिच्छेदात 'बहीण' या शब्दाआधी 'बिचारी' असा एक शब्द पडला होता. तो मी सांगितला नव्हता. माझ्यासमोर खोडून घेतला आणि खोडलेल्या जागी सही केली.