समिंदराला पेलाभर गोडं पाणी

दुष्काळाचं साल. खर्ड्याची एस.टी. काही लागत नव्हती. नगरच्या स्टँडवर मनकर्णाबाईंच्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या पायाशी पाण्यानं भरलेले दोन कॅन, बायकोच्या मांडीवर बरणी आणि बरणीत दोन पिवळे मासे. मनकर्णाबाईंचा घसा कोरडा पडला होता, पण कान तिकडंच होते.

“अवो, पानी म्हमईच्या समिंदराचंच हाय ना?”

“व्हय. गोदीतलं घाण असतंय, म्हनून लई लांब जाऊन भरलं.”

“मागच्या खेपेचे मासे मेले बिचारे.”

“मरतील न्हाईतर काय! हिरीच्या पान्यात खडे मीठ टाकलंस, अन् आमटीवानी जिभंवर चाखून बघितलंस.”

“मी कुठं समिंदर चाखलाय कधी?”

“म्हनून तर आनला.”

“मास्तरांनी दिलेली काचंची टाकी धुऊन ठिवलीय.”

“पानी भरलं की काचंवर रेघ वढ. पानी उडून जातं, मीठ मागं ऱ्हातं. रेघंच्या खाली गेलं की गोडं पानी घालायचं.”

“गोडं? किती?”

“रोज पेलाभर.”

“टँकर आठ दिसांनी येतो, अवो.”

“मग ऱ्हाऊ दे.”

“ऱ्हाऊ दे कसं? माज्या च्याचं घालीन.”

“अन् तू?”

“तुमी म्हमईला गेल्यावर एकटीला च्या ग्वाड लागतो व्हय? समिंदर बघत बसंन.”

मनकर्णाबाईंना राहवलं नाही.

“बाई, मासे बघायला यायचं तर घर कुठं तुमचं?”

“खर्ड्यात, किल्ल्याच्या मागं. या की. च्या मातुर मिळायचा न्हाई.”