महादूच्या वजनाची पेटी

…आणि वर मलाच विचारतात! "आक्का, ट्रॅक्टराच्या तोंडाक ह्या काय बांधलंस गो? पाळणो?" अरे मेल्यांनो, पाळणा बांधायला तो काय बाळंत झालाय? पेटी आहे ती! वजनाची पेटी! ट्रॅक्टरचं नाक वर उठू नये म्हणून पुढे वजन लागतं, एवढी साधी गोष्ट… म्हणजे साधी असायला हवी होती. बसा, ह्या मेरेवरच, बांधावर बसा, गवत ओलं आहे पण तुम्ही काही साखरेचे नाही. फक्त त्या पेटीला हात लावू नका. का म्हणजे? सांगते ना! पण आधीच बजावते, भूतबीत मी मानत नाही. ह्या सुभद्रेने जन्मात कुणाच्या नावाने कोंबडं कापलं नाही, की वडाखालून जाताना पाऊल भरभर उचललं नाही. भूतबीत मी मानत नाही, पण वजन म्हणजे वजन हो! वजनाला नाही कसं म्हणायचं?

हा ट्रॅक्टर गोव्याचा. गोवा मोकळा झाला, तेव्हा तिकडचा एक भाटकार, म्हणजे जमीनदार, सगळं विकून बोटीने निघाला, त्याच्याकडून आणला. राखी रंगाचा, म्हशीएवढा, रॉकेल पितो, आणि म्हशीसारखाच मनात येईल तिथे उभा राहतो. गाव काय बोललं असेल! "बाईलमाणूस ट्रॅक्टर घेता!" का? बाईमाणसाने दिवसभर चिखलात कमरेतून वाकायचं ते चालतं, वर बसायचं तेवढं चालत नाही? ट्रॅक्टरबरोबर एक पुस्तक आलं, इंग्रजी. आता मी शाळेत गेले ती फक्त भावाचा डबा द्यायला. अक्षरं शिकले पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळे माझी निम्मी विद्या हळदीने माखलेली आणि निम्मी फाटकी. पण चित्र कळतं मला. त्या पुस्तकात चित्र होतं, ट्रॅक्टरच्या तोंडाला लोखंडी पेटी, आत वजन.

पुस्तकात पेटी होती. आमच्याकडे महादू होता.

हसू नका. आमचे कुणगे, भाताचे तुकडे, केवढे? एकेक अंगणाएवढा. मधे मेर, खाली चिखल. मागे फाळ रुतला की ट्रॅक्टरचं नाक वर! पहिल्याच दिवशी घोड्यासारखा उभा राहिला. मग गावाने जे पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच केलं. चिखल सपाट करायला फळी ओढतात, तिच्यावर वजनाला माणूस उभा करतातच की आमच्याकडे, तसा ट्रॅक्टरच्या नाकावर माणूस बसवला. आणि नाकावर बसवण्यासारखा माणूस गावात एकच. भला थोरला, आडवा, आणि बसण्यापलीकडे दुसरं काही न येणारा! नांगर धरला तर वाकडा, माडावर चढला तर माडच वाकायचा, होडीत घेतलं तर तांडेल म्हणायचा, "महादू, तू काठारच रव रे बाबा!" पण ट्रॅक्टरवर बसला आणि माणूस बदललाच. तोंड मागे, चालवणाऱ्याकडे, पाठ पुढे, आणि टाचा खालच्या जाळीवर वाजवायचा, ठक… ठक-ठक… आणि तोंडाची टकळी अखंड. चहाच्या दुकानात जाऊन सांगायचा, "आक्काचो ट्रॅक्टर रॉकेलार नाय, माझ्यार चलता. मी उतरलंय तर उडान जायत तो!" लोक हसायचे. मीसुद्धा हसले.

आणि मग एका श्रावणात तापाने गेला बिचारा. माणूस आहे, जातो. त्याची बायको जानकी रडली, आम्ही रडलो, बारावं-तेरावं झालं. नाकाचं काय होणार हे तेव्हा कुणाच्या डोक्यात?

ते कळलं थंडीत. थंडीत आमच्याकडे वायंगण, म्हणजे ओढ्याला बांध घालून पाण्यावर काढायचं भात. त्या साली बैलांना खुरकूत आलेली. काही मेले, उरले ते तीन पायांवर. म्हणजे अख्ख्या मळ्याची नांगरणी ह्या एका म्हशीवर! बांध घालून झालेला, पाणी चढतंय, तरवो म्हणजे भाताची रोपं लावणीला तयार, आणि तरवा काही थांबत नाही हो, जून झाला की गेला. नांगरणी चुकली तर पुढच्या पावसापर्यंत अर्ध्या गावाने काय खायचं? वाळू?

ट्रॅक्टर चालवायला माझ्या बहिणीचा मुलगा, हरिश्चंद्र. मुंबईला गोदीत गाडी हाकून आलेला, केसांना तेल, खिशाला कंगवा. पहिल्याच कुणग्यात नाक वर उठलं आणि हा चिखलात! उठला तो कंगवाच शोधत. "मावशी, महादू व्हयो!" म्हटलं, महादू आता कुठून आणू? पेटी करू!

लोखंड मिळेना, म्हणून गेले लवू मेस्ताकडे. लवू होड्या बांधणारा सुतार. हातात लाकूड आलं की होडीच होते त्याची. ह्याने बांधलेल्या पाळण्यात पोरांना समुद्र लागतो म्हणतात. मी चित्र दाखवलं. लवूने पुस्तक उलटं धरून बघितलं आणि म्हणाला, "कळला. तुझा गलबत नाकार हलक्या. नीरम व्हया." नीरम म्हणजे रिकाम्या गलबताच्या तळाशी घालतात ते दगड, वाऱ्याने उलटू नये म्हणून. बरोबर! बारक्या ट्रॅक्टरचं दुखणं दर्यावर्दी माणसाला एका शब्दात कळलं. पण म्हणून पेटीला होडीचं नाक कशाला? उंडीचं लाकूड, फटींत कापूस आणि राळ, पाणी जायला तळाला भोक, भोकाला बूच, आणि पुढे दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे! म्हटलं, "लवू, डोळे कित्याक रे मेल्या?" तर म्हणतो, "पुढे जातलो तो बघल्याशिवाय कसो जायत?" मग मीही सुचवत गेले. वर झाकण हवं, आत पाने-हातोडी ठेवायला कप्पा हवा, बाजूला जेवणाची गठळी अडकवायला खुंटी हवी. लोहाराने दोन जाड पट्ट्या ठोकून दिल्या, बोल्ट आवळले. दिसायला कशी? सुंदर! ट्रॅक्टर नव्हे, नवरदेव!

आता वजन किती घालायचं? महादूएवढं. महादू केवढा? झाली सभा सुरू! एक म्हणतो तीन मण, एक म्हणतो साडेतीन. शेवटी खोबऱ्याच्या व्यापाऱ्याला आठवलं, पैजेवर महादू त्याच्याच काट्यात बसला होता एकदा. पावणेतीन मण, कमरेच्या चंचीसकट. किलो आले होते हो तेव्हा, पण महादूला किलोत कोण मोजणार? पेटी काट्यावर ठेवली, दगड भरत गेलो, बरोबर पावणेतीन मण केले, पेटीसकट. बांधली. नारळ फोडला. हरिश्चंद्र चढला.

आणि ट्रॅक्टर पुढे गेला तो नाक खाली! पुढची चाकं चिखलात दिव्यांपर्यंत! डुकरासारखा तोंड खुपसून उभा! मी म्हटलं, काटा चुकला. दोन दगड काढले. तसाच. अर्धे काढले. तसाच! चाकाच्या खुणेत बोटं घालून बघितली, महादू होता तेव्हा पडायची त्याच्या दुप्पट खोल. चाकांची हवा बघितली, बोल्ट बघितले, बूच काढून पेटीत पाणी साठलंय का बघितलं… सगळं ठीक. शेवटी वैतागून म्हटलं, काढा रे सगळे दगड! रिकामी पेटी, नुसतं लाकूड, झाकण उघडं, आत एक मुंगीसुद्धा नाही.

आणि तुम्हाला सांगते… चालला! सरळ! फाळ रुतला तरी नाक हललं नाही. मेर चढला, उतरला, जणू कुणी वर बसून दाबून धरलंय. आणि त्यात आवाज. ठक… ठक-ठक… हरिश्चंद्राच्या हातचं चाकच सुटलं. "मावशी… तो बसलो हा." म्हटलं, बोल्ट सैल आहे मूर्खा! मी स्वतः पाना घेऊन आवळला, हाताला फोड येईपर्यंत आवळला. ट्रॅक्टर सुरू केला. ठक… ठक-ठक… हरिश्चंद्र उडी मारून जो पळाला तो कंगवा न शोधताच. भूतबीत मी मानत नाही, पण वजन म्हणजे वजन! रिकाम्या लाकडात पावणेतीन मण आले कुठून, सांगा ना तुम्ही!

गावात एकच गोंधळ. कुणी ट्रॅक्टरजवळ फिरकेना. पाणी चढतंय, तरवा पिवळा पडायला लागलाय, आणि हे सगळे लांब उभे राहून हात जोडताहेत, तेही मला नाही, पेटीला! मग आला परशुराम, आमच्याकडचा घाडी. तांदूळ बघतो, भूत काढतो, आणि काढलेल्या भुताचा कोंबडा खातो. तांदळाचे दाणे टाकले, डोळे मिटले, आणि म्हणाला, "बसल्यालो उठाचो नाय. तेका खाडयेपलीकडे नेवन सोडूक व्हयो. मगे परत येवचो नाय." लोक म्हणाले, सोडा, सोडा! कोंबडा आला, दोरी आली, होडी ठरली.

आणि गर्दीतून जानकी पुढे आली. तेरावं झाल्यापासून ती बाई कुणाशी बोलली नव्हती. परशुरामाच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "पलीकडे नको. तेंका पोवक येणा नाय."

परशुराम म्हणाला, "अगो, मेलेल्याक कसला पोवणा?"

"ता माका म्हायत नाय. पलीकडे नको."

मेलेल्याला पोहता येत नाही म्हणून काळजी, आणि कोणी हसलं नाही हो.

मग ती माझ्याजवळ आली. कानाशी म्हणाली, "आक्का, इतके दिस ते घराकच होते. ओटीवर बाकड्यार बसत. तिनीसांजेक बाकडा करकरायचा, मी पेज वाढून ठेवी. तुझी पेटी झाली, तशी बाकडा गप झाला." आणि माझा हात धरून विचारते, "थंय बरे आसत मा गो?"

तो तिथे बरा आहे ना, हे मी काय सांगणार? मी भूत मानत नाही, माझ्याकडे कसली चौकशी करतेस, असं तोंडावर आलं होतं… पण त्या बाईचे डोळे! आणि इकडे परशुराम दोरीची गाठ मारतोय, म्हणजे मळा नांगरायचा तर हिचा नवरा खाडीपार, आणि नवरा राहायचा तर मळा पडीक. हा काय न्याय झाला? मी परशुरामाच्या हातून दोरी ओढून घेतली. म्हटलं, "कोंबडो खावचो असात तर घरी जावन खा!" आणि पदर खोचला आणि चढले ट्रॅक्टरवर. ह्या वयात! चालवायला येत होतं का? चित्रं बघितली होती ना!

सुरू केला. आणि तेव्हा कळलं, हरिश्चंद्र का पळाला ते. महादू तोंड मागे करून बसायचा, आठवतंय? म्हणजे चालवणाऱ्याच्या अगदी समोर. मी इकडे, पुढ्यात इंजिन तापतंय, त्याच्यापलीकडे ती रिकामी पेटी… आणि कुणीतरी माझ्याकडे बघतंय. हिवाळ्याची सकाळ, मानेवरून घाम ओघळला. ठक… ठक-ठक… जन्मभर बडबडणारा माणूस, आता नुसत्या टाचा. तंबाखूचा वास आला, तो मी मानत नाही. वासाला वजन नसतं. पण भीती वाटली. वाटली, सांगते ना! मग मला भीती वाटली की जे होतं तेच झालं, तोंड सुटलं.

"महादू! बसलंस तो बसलंस. उठ म्हणणारी मी कोण? तुझ्याशिवाय ट्रॅक्टर चालत नाय, आयकलं, सगळ्या गावान आयकलं, आता झाला समाधान? पण काम दिवसाचा! दिवो लागलो की घराक जावचा. बायल पेज घेवन बसता ती दिसत नाय तुका? तिका सोडून हय नाकार बसान मिरवतंस, लाज नाय तुका?"

टाचा थांबल्या.

पूर्ण कुणगाभर थांबल्या. नाक हलकं होईल म्हणून मी चाक घट्ट धरून बसले, दात आवळून… नाही झालं. मग हळूच एकच… ठक.

मळा नांगरला. सगळा! तरवा लागला, भात झालं. आणि त्या पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला जानकी मेरेवर आली, पाठ फिरवूनच उभी राहिली, आणि रस्त्याशी बोलावं तसं म्हणाली, "चला, पेज निवता." आणि चालू लागली, मागे न बघता. आणि मी डोळ्यांनी बघितलं, ट्रॅक्टरची पुढची चाकं चिखलातून बोटभर वर आली. माणूस उतरला की होडी उचलते ना, अगदी तशी. दुसऱ्या सकाळी जानकी सांगत आली, रात्री बाकडं करकरलं. हसत होती. त्या घटनेला चार पावसाळे झाले. दर वायंगणीला असंच. दिवसा तो माझा, संध्याकाळी तिचा.

म्हणजे सगळं छान झालं, नाही? तुम्हाला वाटेल तसं! अहो, मळ्यातून माझ्या घरी यायला ही एवढी चढण आहे! तो उतरून गेला की नाक पुन्हा हलकं! मग ट्रॅक्टर घरी नेणार कसा? दगड भरून! रोज संध्याकाळी पेटीत दगड भरायचे, आणि रोज सकाळी तो यायच्या आत काढून ठेवायचे, नाहीतर तो दगडांसकट बसतो आणि पुन्हा नाक चिखलात! हरिश्चंद्र मुंबईला परत गेला, लवूची कंबर धरलेली, परशुराम तर मला बघून वाट बदलतो. एकदा मी म्हटलंसुद्धा, "महादू, चढणीपुरतो तरी बस रे बाबा!" छे! जिवंत होता तेव्हा कधी वेळेवर घरी गेला नाही, आता दिवा लागला की एक क्षण जास्त थांबत नाही.

ती बघा, जानकी आली मेरेवर. बघा, बघा आता चाकांकडे… उठली ना? बोटभर? मी काय सांगत होते! भूतबीत मी मानत नाही, पण… आता असं करा, एवढे सगळे आहात, दोन-दोन दगड उचलून त्या पेटीत टाका आणि मग जा आपापल्या घरी… अहो! थांबा की! निदान एक-एक तरी… गेलात? सगळे?

बरं. भरते मीच.