पोवळ्याचा गुण

लातूरच्या घरात मी समुद्र ठेवलाय म्हटलं तर हसाल, पण हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी हाय अन् तिच्यात जिवंत प्रवाळ! शेंदरी, फांद्याफांद्यांचं. दिव्याखाली त्याची बारीक बारीक तोंडं उमलतात ना, काय सांगू तुम्हाला!

माझी चूक एकच झाली. मुखेडहून आत्या आली, तिला मी कौतुकानं सांगितलं, "आत्या, हे पोवळं हाय."

आत्याची नात रूपाली आमच्याकडंच राहून मेडिकलची तयारी करायली होती. जोतिष्यानं तिला पोवळ्याची अंगठी सांगितलेली! मी क्लासवर शिकवायला गेलो अन् आत्यानं टाकीत हात घालून बोटभर फांदीच मोडली. सुकली तर गुण जाईल म्हणून टाकीतल्याच पाण्यासकट डब्यात घातली अन् गाठलं खड्यांचं दुकान. दुकानदार सलीमभाईंनी डब्यावर भिंग धरलं अन् मागंच सरकले, "अम्मा, ये तो जिंदा है! इसकू मुँह है!"

डबा घरी आला. मी डोक्याला हात लावला. रूपाली म्हणाली, "मामा, थांबा. मोडलेली फांदी पुन्हा वाढते." तिनं फांदी पाण्यात न सुटणाऱ्या गोंदानं दगडावर बसवली अन् टाकीत सोडली.

पंधरा दिवसांनी फांदीनं दगड धरला, सगळी तोंडं उघडली! मी ओरडलोच, "रूपे, ऑपरेशन सक्सेस!"

आत्या पदर सावरत म्हणाली, "बगितलास का पोवळ्याचा गुण? बोटात घालायच्या आधीच पोरगी डाक्टर झाली!"