न्हाणीतल्या मुंग्या

(चामोर्शी, बाजाराचा दिवस. नूर मोहम्मदचं औषधाचं दुकान. लटारू गोळ्यांची न उघडलेली पाकिटं काउंटरवर ठेवून उभा. त्याची बायको वच्छला दारातल्या बाकावर पाय लांब करून बसलेली.)

लटारू : पैसे नाई मांगत मी, नूरभाई. कोन्या गरिबाले देऊन टाक. पाकिटं कोरीच आहेत.

नूर : पन हे तं वच्छलावैनीची गोळी आहे, किडनी सांभाळाची. रोवण्याच्या आधी तुमीच नेली. आता धान कापाले आलं, अन पाकिटं भरलेलीच?

लटारू : बंद केली मी.

नूर : डॉक्टरनं सांगतलं?

लटारू : डॉक्टरले काय इचाराचं, डोयानं दिसत व्हतं. इतक्या वर्साची शुगर हिची, पन न्हाणीत अशा मुंग्या कधी नाई पाह्यल्या. हे गोळी सुरू केली अन हिच्या लघवीवर रांगाच लागल्या. म्हटलं, हे तं साखर वाढवून राह्यली.

नूर : मंग?

लटारू : मंग काय, गोळी बंद. अन रोज सकाळी चुलीतली राख टाकली न्हाणीत. थोड्याच दिवसात मुंग्या गायब. म्हटलं, सुटलो बाप्पा.

वच्छला : मी म्हटलं व्हतं, एकडाव नूरभाऊले इचारून घ्या.

लटारू : तू बोलू नको, धाप लागते तुले.

नूर : पायाले सूज कवापासून आहे, वैनी?

वच्छला : पोळ्यापासून. आधी चप्पल चढे नाई. आता सकाळी तोंडबी सुजते.

लटारू : काल गडचिरोलीले दाखवलं. डॉक्टर म्हने, किडन्या गेल्या, मशीनवर रक्त साफ करा लागते. औषधं खाल्ली का म्हने, तं म्हटलं, देल्लं ते सारं खाल्लं. भेव वाटला, काय सांगू. पन नूरभाई, तूच सांग. साखर तं गेली व्हती न हिची? मंग किडनी कशी गेली?

नूर : चाय बोलावतो. बसा जरा.

लटारू : चाय नको. माह्या बापाच्या वक्तापासून तुमच्याच दुकानातून दवाई नेतो. खरं सांग.

नूर : लटारूभाऊ, मुंग्या गेल्या म्हंजे साखर गेली असं नसते. हे गोळी अंगातली साखर लघवीतून बाहेर काढते. त्यानं किडनीवरचा भार हलका होते. म्हनून येत व्हत्या मुंग्या.

लटारू : म्हंजे?

नूर : म्हंजे गोळी लागू पडली व्हती.

लटारू : अन हे मले कोनी काऊन नाई सांगतलं?

नूर : मीबी नाई सांगतलं. बाजाराच्या गर्दीत हातात पाकिटं देल्ली, अन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

लटारू : तं आताच देतो. गिलासभर पानी दे. कोरीच आहेत न, खराब थोडीच झाली. वच्छला, तोंड उघड.

नूर : राहू द्या, भाऊ. किडनीत जीव असते तवाच हे कामाची. कालच्या चिठ्ठीवर डॉक्टरनं लिवलीच नाई.

लटारू : खाल्ली असती तं वाचली असती?

नूर : ते मी नाई सांगू शकत. काही वर्स भेटले असते कदाचित. चांगले.

वच्छला : त्या मुंग्या माही साखरच नेत व्हत्या म्हना, नूरभाऊ.

नूर : हो, वैनी.

वच्छला : अन आता तं लघवीच होत नाई धड.

लटारू : मीच राख टाकली, वच्छला. रोज टाकली. एकबी दिवस चुकलो नाई.

वच्छला : मले चावू नाई म्हनून टाकली. चला, रडू नका इथी, लोकं पाह्यतात. हात द्या, उठवा मले.