दिवाळीची पिशवी

आणीबाणीतली दुपार. घासलेटच्या रांगेत भागीरथाबाईच्या मागं दोघं दबक्या आवाजात बोलत होते.

"कमलजा साबण कारखान्यावर धाड पडली म्हणते."

"काहून गा?"

"आणीबाणी चुकीची हाय, असं मालक भरसभेत बोलला ना."

"मंग?"

"मंग काय! कोळसा बंद, वीज बंद, मालक जेलात."

"अन् कामगार?"

"त्याइलेबी घरून उचलून राहिले."

"हळू बोल बाप्पा!"

"ओ बाई, पिशवीवर कमलजाचं नाव दिसते. घरचं कोणी हाय का तिथं?"

दिवाळीला कारखान्यानं नवऱ्याला दिलेली पिशवी भागीरथानं पदराखाली ओढली.

"नाही जी. रस्त्यात सापडली."

तिनं वळून पाहिलं, तर दोघंही रांग सोडून रिकामे डबे घेऊन लगबगीनं चालले होते.