तेरावा पाय

पंचाक्षरी मास्तरांची अणदूरहून वाशीला बदली झाली. हुकूमही निघाला. पण ती थांबवायचीच असं ठरवून इरम्मा आणि महानंदा तुळजापूरच्या कचेरीबाहेर अर्जनवीस वसंतरावांसमोर रांगेत उभ्या होत्या. वसंतरावांचे डोळे कागदावर होते, कान मात्र रांगेत.

"इरम्माक्का, तपासनीस सायबानं तुमच्या नातीला इचारलं तरी काय?"

"मास्तर पोरांना पाटीवर बैल काढून पाय मोजाया शिकवत्यात नव्हं? सायेब म्हणला, तेरा पाय काढून दाखीव."

"अगं बया! तीन बैलांचे बारा झाले. मग एकाला पाच काढले?"

"आमची शिवकांता काय येडी हाय? तिनं गोठा काढला. चौथ्या बैलानं दारातून नुस्ता एक पाय भायेर टाकलाय."

"लई हुशार! सायेब खूश झाला असंल."

"कसला खूश! म्हणला, हा मास्तर गणित सोडून चित्रं शिकवतोय. अन् बदलीच करून टाकली."

"असा मास्तर सोडायचा न्हाय, आक्का."

"म्हणून तर आलो."

वसंतरावांनी काही न विचारताच बोरू दौतीत बुडवला आणि लिहिलं:

"तरी मेहेरबान सरकारांस अर्ज की, चौथा बैल गोठ्यातून पुरता बाहेर येईपर्यंत मास्तरांची बदली तहकूब ठेवावी."