उंबराखालची जागा

(संक्रांतीची सकाळ. बालाघाटजवळ वैनगंगेच्या रेतीवर मेळ्याला आलेल्या बैलबंड्या लागताहेत. गळ्यात शिट्टी अडकवून बंड्यांना जागा लावून देणारा डोमाजी, त्याची बायको मैनाबाई, आणि डोक्यावरून पदर घेऊन सासूच्या आडोशाला उभी असलेली सून, मुलगा घनश्यामची बायको ललिता.)

डोमाजी : ...आन मी तिले एवढंच पुसून राह्यलो, का वीस सालापासून चाललं ते काहून मोडाचं? जो पयले आला त्याले पान्याजवळची जागा. मांगून आला तो मांगं. यात चूक काय आहे?

मैनाबाई : मले काहून पुसता? ती इथीच उभी आहे, दोन हातावर.

डोमाजी : सून सासऱ्यासंग बोलते काय? तू पूस.

मैनाबाई : पुसते बाप्पा. ललिता, तुहे मामाजी म्हनतेत, यात चूक काय आहे?

ललिता : आत्याबाई, मामाजीले सांगा, जो पयले येते तो दूरचा असते. परसवाड्याचे लोक रातभर चालून आले. त्याइले घाट चढाचा आहे, म्हनून निघा बी पयले लागते. आन आपन त्याइलेच सगळ्यात आत, पान्याजवळ घालतो. मांगच्या साऱ्या बंड्या हटल्याबिगर ते निघतीन कसे?

मैनाबाई : ती म्हनते, तुमी परसवाड्यावाल्याइले कोंबून ठेवता.

डोमाजी : ऐकलं मी. कान शाबूत आहेत माहे.

मैनाबाई : मंग मी कायले मधात?

डोमाजी : रीत आहे म्हनून. आन तिले सांग, मांगच्या साली जे झालं ते बैलाइमुळं झालं.

मैनाबाई : बैलाइमुळं? सात बंड्या एकमेकीत अडकल्या, दोघाइच्या दांड्या मोडल्या, परसवाड्याच्या बाया लेकरं पोटाशी घेऊन थंडीत रेतीवर निजल्या. सकाळी जाता जाता तुमाले ज्या शिव्या देऊन गेल्या, त्या मले आजबी पाठ आहेत.

डोमाजी : म्हनूनच तं जीव टांगनीले लागला आहे. काल मेळा कमेटीचे सेक्रेटरी घरी आलते ना. चहा पेले आन सांगून गेले, डोमाजी, यंदा दिवाबत्तीच्या आत रेती मोकळी झाली तं शिट्टी तुही, नाई तं पुढच्या सालापासून बाबूलालची. बाबूलाल, सायकल स्टँडवाला. उभ्या जिंदगीत त्यानं बैलाची वेसन धरली नाई. सायकल आन बैल एक आहे काय? सायकल शेजारच्या सायकलले शिंग मारते काय?

मैनाबाई : नाई मारत.

डोमाजी : नागपूर राजधानी होती तवापासून ही रेती मी सांभाळून राह्यलो. राजधानी उठून भोपाळले गेली, मी इथीच आहो.

मैनाबाई : मंग ऐका ना तिचं. तिचा बाप तिरोडी स्टेशनात मालगाडीले मंगनीजचे डबे लावते. ती त्याच लाइनीवर लहानाची मोठी झाली.

डोमाजी : डब्याइले भूक लागते काय? डबे बिचकतेत काय?

ललिता : आत्याबाई, डबा बिचकत नाई, पन चुकीच्या जागी लागला तं पूरी गाडी उभी राह्यते. बापाजी डबा आला का पयले पुसत, कुठी जाचा आहे? कवा आला, हे कोनी पुसत नसे.

मैनाबाई : ऐकलं?

डोमाजी : तू सांग.

मैनाबाई : बंडी आली का पुसा, बाबू, तुहं गाव कोनतं आन तुले निघाचं कवा? एवढंच पुसा म्हनते.

डोमाजी : आन मंग?

ललिता : मंग तीन रांगा करा. परसवाडा-बैहरची एक, किरनापूरची एक, लालबर्ऱ्याची एक. साऱ्या बंड्याइचं तोंड सडकेकडं. ज्याले पयले निघाचं तो सगळ्यात समोर. मधात दोन बंड्या जातीन एवढी वाट मोकळी, तिथी कोनी बसाचं नाई, चूल मांडाची नाई.

डोमाजी : आन मान? पाटील आले तं त्याइची बंडी कुठी लागन?

ललिता : पाटील ज्या गावचे, त्या गावच्या रांगेत.

डोमाजी : बाप्पा रे. घनश्यामची माय, तुही सून मले मार खाऊ घालते का काय?

मैनाबाई : मार तं तसाही खानार आहा. ऐकून खा.

डोमाजी : बरं. आजच्या दिवस. पन तिले सांग, शिट्टी मीच वाजवीन.

मैनाबाई : तिले नाई पाह्यजे तुमची शिट्टी. पदराआडून वाजवताबी येनार नाई.

*

डोमाजी : पाह्यलं काय, पाह्यलं? बारा वाजून गेले, आन एकाही बैलानं दुसऱ्याले शिंग नाई लावलं. एका गावचे बैल एकाजवळ एक बांधले तं भांडतच नाई. वळखीचे असतेत ना. हे मले वीस सालात काहून नाई सुचलं?

मैनाबाई : तुमी कवा पुसलं होतं?

डोमाजी : परसवाड्याचा पुनाराम म्हने, डोमाजी, यंदा तं पल्टनीवानी रांगा लावल्या, कोनाचं डोकं? म्या सांगतलं, माहं.

मैनाबाई : तुमचं?

डोमाजी : आता एवढ्या लोकात सुनेचं नाव कसं घेऊ? बोल ना जरा जोरात. त्या पाळन्यावाल्यानं भोंगा लावला, मले काई ऐकू येऊन नाई राह्यलं. मी तिकडं पान्याजवळ उभा राह्यतो. काई सांगाचं असन तं तू येऊन सांग.

ललिता : आत्याबाई, सांगाचंच आहे. उंबराखाली कोनं तरी बंडी आडवी सोडली. आपली मोकळी वाट तिथूनच सडकेवर चढते. मामाजीले सांगा, ती बंडी हटवा लागते.

मैनाबाई : कोनती?

ललिता : ते, निळ्या चाकाची. मानूस आत निजला आहे.

मैनाबाई : निळ्या चाकाची?

डोमाजी : काय म्हनते ती?

मैनाबाई : म्हनते, उंबराखाली सावली चांगली आहे.

डोमाजी : हौ, आहेच.

ललिता : आत्याबाई.

मैनाबाई : चूप राय जरा. निळ्या चाकाची बंडी सुखरामची आहे. माहा भाऊ. दरसाल किरनापूरहून येते, दरसाल त्याच उंबराखाली सोडते. आज मीच त्याले तिथी बसवलं, तिळाचे लाडू देल्ले, निज म्हनलं दोन घडी.

ललिता : किरनापूरच्या रांगेत जागा आहे. म्या ठेवली आहे. डाव्या हाताले, तिसरी.

मैनाबाई : ललिता, मायबाप गेले तवापासून माहेर म्हनून मले तोच एक उरला. सालातून एक डाव येते. आन मी त्याले सांगू, उठ इथून? खाल्लेला लाडू घशात अडकन त्याच्या.

ललिता : आन मामाजीची शिट्टी गेली तं?

मैनाबाई : एक बंडी, दोन बैल, त्यानं काय होते? बाजूनं निघून जातीन लोक.

ललिता : बाजूनं रेती भुसभुशीत आहे. चाक रुतन.

मैनाबाई : तू अजून नवी आहे. भाऊ रुसला म्हनजे काय होते, तुले नाई समजाचं.

डोमाजी : दोघी काय कुजबुजून राह्यल्या?

मैनाबाई : तिळगुळाचं.

*

डोमाजी : चलो परसवाडावाले, चलो भाई. पयली बंडी काढ. आस्ते, आस्ते. हौ, असंच. घनश्यामची माय, पाहून घे. दिवस अजून दोन हात वर आहे आन माह्या बंड्या चालू झाल्या. आज बाबूलाल येऊन पाहीन तं... काहून थांबले? ए पुनाराम, काहून थांबला? पुढं कोन आहे?

मैनाबाई : थांबले असन बैलाले पानी पाजाले.

डोमाजी : चढावर कोन पानी पाजते? मांगून लालबर्ऱ्यावालेबी निघून राह्यले, कोनी सांगतलं त्याइले निघाले? अरे रुको, रुको. घनश्यामची माय, सूनबाईले पूस, काय झालं.

मैनाबाई : ती म्हनते, थोडा दम धरा.

ललिता : मी असं नाई म्हनलं.

मैनाबाई : ललिता.

ललिता : मामाजी.

मैनाबाई : अवं, काय करून राह्यली?

ललिता : मामाजी, उंबराखाली सुखराममामाची बंडी उभी आहे. तिच्यानं वाट बंद झाली. म्या दुपारीच सांगतलं होतं, तुमच्यापावतर पोचलं नाई. आता परसवाड्याच्या बंड्या जाग्यावर उभ्या ठेवा. कोनाले मांगं फिरू देऊ नका. एक मांगं फिरली का मांगच्या साली झालं तेच होईन.

मैनाबाई : अवो, लोक पाहून राह्यले. भर मेळ्यात सून सासऱ्यासंग बोलून राह्यली.

डोमाजी : पाहू दे. सूनबाई, सुखरामची बंडी नेऊ कुठी?

ललिता : किरनापूरच्या रांगेत. डाव्या हाताले, तिसरी जागा.

डोमाजी : बैल सोडले आहेत त्यानं. जुपाले वेळ लागन.

ललिता : जुपू नका. चार मानसं लावा आन हातानं ढकला. बैल मांगून न्या.

डोमाजी : आन लालबर्ऱ्यावाले?

ललिता : त्याइच्या समोर तुमी स्वतः जाऊन उभे राहा. तुमाले पाहून थांबतीन. दुसऱ्या कोनाचं ऐकनार नाई ते.

डोमाजी : हौ. हे बरोबर बोलली. ए पुनाराम, चार जन इकडे. बैल को रहने दो, बंडी ढकलो.

मैनाबाई : थांबा. सुखरामले मी सांगीन. मीच बसवलं त्याले तिथी, मीच उठवीन. रुसला तं रुसला.

*

डोमाजी : मंग? काय म्हनला सुखराम? रागावला काय?

मैनाबाई : रागावाले जागा तं असावा. म्या दोन आवाज देल्ले, बंडी हलवली, तो हूं नाई का चूं नाई. लाडू अंगावर आले त्याच्या. तवर तुमच्या पुनारामनं म्हनलं, मावशी, बाजूले हो. आन चौघाइनं बंडी ढकलली, त्याच्यासकट. डोळे उघडले तं आजूबाजूले सारं किरनापूर.

डोमाजी : मंग?

मैनाबाई : मले म्हने, बाई, एवढे वर्ष मी त्या झाडाखाली एकटाच पडून राहो, कोनी गप्पा माराले नाई. पुढच्या साली इथीच सोडीन म्हने. आन मी येडी, दुपारपासून त्याच्या रुसव्याले भेऊन राह्यली.

ललिता : आत्याबाई, माहं चुकलं. मी मोठ्यानं बोलली.

मैनाबाई : तुहं नाई चुकलं बाई. निरोप माह्याजवळ अडकला होता. भावाच्या मायेनं म्या माह्या मानसाची शिट्टी घालवली असती, आन तूच वाचवली. इकडं ये. पदर घसरला, राहू दे तसाच, रेतीवर आता आहेच कोन?

डोमाजी : कोनीच नाई. पाह्य ना. लालबर्ऱ्याची शेवटची बंडी ते वळनावर दिसते, तेवढीच. सेक्रेटरी येऊन गेले आत्ता. दिवे लावनारा अजून शिडीच घेऊन राह्यला आन रेती मोकळी. ते म्हनले, डोमाजी, शिट्टी तुहीच. मंग पुसलं, एवढं केलं कसं?

मैनाबाई : सांगतलं असन, माहं डोकं.

डोमाजी : नाई. सांगतलं, माह्या सुनेनं केलं. तिनं जसं जसं सांगतलं तसं मी करत गेलो. ते म्हनले, तुमच्यात सून सासऱ्यासंग बोलते? म्या म्हनलं, आजपासून बोलते.

ललिता : मामाजी, शिट्टी तुमीच वाजवा मातर.

डोमाजी : वाजवीन ना. तू सांगशीन तवा वाजवीन. आज मले लय आनंद झाला बाई, खोटं नाई सांगत. पन एक गोष्ट समजून नाई राह्यली.

मैनाबाई : कोनती?

डोमाजी : आता कराचं काय? दरसाल या वक्ताले मी बैलाइच्या शिंगात असतो. घरी जाता जाता अर्धी रात होते. आज दिवसबी बुडाला नाई, आन माह्या हाताले काम नाई.

ललिता : मेळा चालू आहे ना, मामाजी. तुमी आन आत्याबाई जाऊन या. आपल्या बैलाइपाशी मी थांबीन.

डोमाजी : मेळा? खरं सांगू काय, वीस साल झाले, तो आतून कसा आहे हे म्या पाह्यलंच नाई. लोकाइच्या बंड्या सांभाळता सांभाळता तिकडं जानंच झालं नाई. घनश्यामची माय, तू तं गेली असशीन?

मैनाबाई : कवा जाऊ? तुमची भाकर घेऊन याच रेतीवर बसलेली राहो मी. भोंग्याचे गाने तेवढे ऐकले.

डोमाजी : कवा बोलली नाई.

मैनाबाई : तुमीबी कवा पुसलं नाई.

डोमाजी : मंग चाल. काय पाह्यचं तुले? पाळना, बांगड्या, काय?

मैनाबाई : तिथी काय काय असते तेच मले माहीत नाई. समदं पाहू.

डोमाजी : गर्दी लय आहे. माह्या मांगं मांगं ये.

मैनाबाई : मांगून काई दिसत नाई. मी बाजूनंच येईन.